प्रत्येकाला एकेक दोष

तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय तिने आयुष्यात एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे नवरा. आणि त्या व्यवहाराचा विषय निघाला की नवराच आधी हसून मोकळा होतो. बाकी सुईपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत सगळं ती तीन ठिकाणी भाव विचारून, तक्ता आखून, निवडीचं कारण लिहून घ्यायची. मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात अर्धं आयुष्य काढलं की तो रोग अंगात भिनतोच. ऑफिसात तिला पाठीमागे 'कोटेशनबाई' म्हणत, घरात तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. फसलेल्या माणसापेक्षा चिडवलेलं माणूस सुखात असतं, असा तिचा हिशेब.

तर या कोटेशनबाईला वडिलांसाठी एक सेवा घ्यायची होती.

वडील म्हणजे आप्पा. ऐंशी ओलांडलेले. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. आई गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. लेक आगगाडीने तीन तासांवर, मुलगा विमानाने कुठल्या कुठे. दोघांनीही "आमच्याकडे राहायला या" असं म्हणून पाहिलं होतं. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "पाहुणा म्हणून बोलावताय की माल म्हणून? पाहुणा असेन तर चार दिवसांनी परत जाईन. माल असेन तर आत्ताच तपासून घ्या, मागाहून तक्रार चालणार नाही."

विषय तिथेच मिटायचा.

पण मागच्या महिन्यात त्यांच्या शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त मास्तर न्हाणीघरात पडले आणि दोन दिवस कोणाला पत्ताच लागला नाही. मास्तर वाचले. पण ती बातमी आप्पांनी फोनवर रंगवून सांगितली आणि इकडे कोटेशनबाईची झोप उडाली. आप्पा रोज संध्याकाळी फोन करतात हे खरं. कुठवर फिरायला गेलो, बागेत कोण भेटलं, कोणाची सून कशी आहे, सगळं सविस्तर सांगतात. पण माणूस सकाळी पडला तर संध्याकाळच्या फोनाचा काय उपयोग?

हल्ली अशा कंपन्या निघाल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाची रोज विचारपूस करायची आणि मुलांना कळवायचं, एवढंच त्यांचं काम. पूर्वी ही कामगिरी शेजारीण फुकट बजावायची आणि मजुरी म्हणून चार गोष्टी आळीभर सांगायची. आता कंपनी पैसे घेते आणि गुप्ततेची हमी देते. कोटेशनबाईने रीतीप्रमाणे तीन कंपन्या काढल्या.

पहिलीत माणूसच नव्हता. सकाळी फोन वाजायचा आणि एक ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणायची, बरे असाल तर एक दाबा, झोप नीट झाली नसेल तर दोन दाबा, आणि असंच पुढे. दुसऱ्या कंपनीची एक खरीखुरी मुलगी दुपारी जेवणाआधी फोन करून बोलायची. तिसऱ्या कंपनीचा माणूस सकाळी दारावर येऊन बेल वाजवायचा, आप्पांना डोळ्यांनी बघायचा आणि जायचा. आप्पांनी पुढे तिघांची नावं ठेवली: बटणबाई, बोलबाई आणि बेलवाला.

"अगं, भांडी घासायची पावडर घेतेयस का?" दादा फोनवर वैतागला. "एक निवड आणि मोकळी हो."

"कशावरून निवडू?"

"सगळ्यात महाग ती घे. मी देतो."

"महाग ते चांगलं असतं ना दादा, तर तुझं पहिलं लग्न टिकलं असतं."

मग दादा म्हणाला, "कोटेशनबाई, तुला जे करायचं ते कर."

तिने काय केलं, तर तिन्ही कंपन्यांच्या पंधरा दिवसांच्या फुकट चाचण्या एकाच दिवशी सुरू केल्या. तिचं म्हणणं, तुलना करायची तर माल तोच हवा, वेळ तीच हवी. आप्पा आकांडतांडव करतील अशी तिला खात्री होती. हा माणूस साधा चष्मा बदलायला दोन वर्षं तयार नव्हता. पण झालं भलतंच.

"तिघं आहेत? येऊ देत," आप्पा म्हणाले. "तिघांना पुरेल एवढं आहे माझ्याकडे."

ती हसली. काय पुरेल, हे तिने विचारलं नाही.

आणि मग तिच्या फोनवर रोजचे अहवाल येऊ लागले. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिच्या डोक्याचा भुगा झाला. बटणबाई म्हणे, तब्येत उत्तम, भूक उत्तम, गुडघे उत्तम. फक्त झोप होत नाही. बोलबाई म्हणे, काका गाढ झोपतात, दोन्ही वेळा चापून जेवतात. फक्त डावा गुडघा ठणकतो. बेलवाला म्हणे, जिना चढउतार करण्याइतके पाय ठणठणीत, झोप छान, पण जेवणावर वासना नाही.

एकाच माणसाचे हे तीन अहवाल. तिने तक्ता आखला. आडवं वाचलं, उभं वाचलं. रोज तेच. तीन कंपन्यांचे तीन आप्पा, आणि संध्याकाळी फोनवर बोलणारे चौथे, ज्यांना काहीच होत नव्हतं आणि जे बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले होते. खरेदीच्या कामात तिने लबाड पुरवठादार पुष्कळ पाहिले होते. पण लबाड असले तरी ते एका बाजूने लबाड असायचे. इथे कोण खोटं बोलतंय तेच कळेना. यंत्राचं बटण चुकतंय? मुलगी ऐकतच नाही, मनाने लिहिते? बेलवाला खालूनच परत जातो?

तिने तिन्ही कंपन्यांना फोन लावले. तिघांनीही फोन केल्याबद्दल तिचे आभार मानले. गोंधळ तेवढाच राहिला.

"तूच जाऊन बघ," नवरा म्हणाला. "माल एकदा गोदामात जाऊन बघावा, हे तूच सांगतेस ना?"

म्हणून शनिवारची सुटी धरून ती आदल्या संध्याकाळीच आप्पांकडे पोचली.

चार इमारती एका कंत्राटदाराने एका साच्यातून काढल्यासारख्या ओळीने उभ्या होत्या. तोच फिकट रंग, तीच फाटकं, त्याच गॅलऱ्या. आप्पांची दुसरी. दार उघडायला ते लगेच आले. खोल्या लख्ख. भांडी पालथी, टॉवेल वाळत घातलेला, औषधांच्या डबीत वारांप्रमाणे गोळ्या. तिने रात्री कान देऊन ऐकलं, तर आप्पा घोरत होते; बटणबाईची झोपेची तक्रार तिथेच निकालात निघाली. सकाळी ते स्टुलावर चढून घड्याळाला चावी देत होते, म्हणजे गुडघ्याचीही तक्रार गेली. आणि न्याहारीला दोन उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव आणि वर तिच्या ताटलीतला अर्धा पाव.

"आप्पा, भूक कशी आहे?"

"का? कमी खाल्लं का मी?"

"झोप?"

"तू घोरतेस का विचारायला आलीस की मी घोरतो का? दोघंही घोरतो. आईकडून आलंय तुला."

"आईकडून नाही, तुमच्याकडून."

"ती आता बाजू मांडायला नाही, म्हणून तिच्यावर टाकलं," आप्पा म्हणाले आणि अंड्याचं कवच गोळा करू लागले.

म्हणजे तिन्ही कंपन्या खोट्या. तिला एकीकडे हायसं वाटलं, दुसरीकडे संताप आला. तिघांनाही फोन करून झापायचं, असं ती ठरवतच होती, तेवढ्यात बेल वाजली.

बेलवाला होता. पिवळी टोपी, खांद्याला पिशवी, जिने चढून धाप लागलेला. खरं सांगायचं तर आप्पांपेक्षा त्यालाच कोणीतरी रोज बघायला यायला हवं होतं. कोटेशनबाई आतल्या खोलीच्या दाराआड उभी राहिली. गोदामात पुरवठादाराचा माणूस आला की ती अशीच उभी राहायची.

आणि तिने पाहिलं, की आप्पांनी झटकन उरलेला पाव एका ताटलीत घेतला, त्याचा एक कोपरा मोडला, आणि ती ताटली टेबलावर अशी सरकवून ठेवली की दारातून नेमकी दिसावी. मग चेहरा थोडा उतरवला आणि दार उघडलं.

"काय काका, कसं काय?"

"बरंय हो. तसं सगळं बरंय. पण हे बघा, कालपासून पडलंय. घासच उतरत नाही."

बेलवाल्याने हळहळून मान हलवली आणि फोनवर काहीतरी टिपलं. "जेवायला हवं हो काका," म्हणाला, आणि समाधानाने जिना उतरून गेला. कामाचं काहीतरी सापडल्याचं समाधान होतं ते.

ते समाधान तिने कुठेतरी पाहिलं होतं. आणि मग एकदम आठवलं.

ती शाळेत असताना कधीतरी डबा द्यायला कारखान्यात गेली होती. आप्पा भट्टीच्या बाजूला भिंतीवर टांगलेल्या लाल बादलीतली वाळू जमिनीवर ओतत होते. आग लागली तर टाकायची वाळू. "सांडताय का?" तिने विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "आज इन्स्पेक्टर येणारेय. त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं का?" त्यांच्या कामाची ती रीतच होती. प्रत्येक इन्स्पेक्टरला सापडण्यासाठी एकेक लहानसा दोष तयार ठेवायचा. आगीवाल्याला रिकामी बादली, वजनमापवाल्याला एक धूळ खाल्लेला काटा, सुरक्षावाल्याला एक ढिला कठडा. त्याला त्याचा दोष मिळाला की तो शेरा मारून, चहा पिऊन खूश होऊन जातो, आणि खोलात शिरत नाही. आणि दोघांना एकच दोष कधी द्यायचा नाही. एकच दोष दोघांनी लिहिला तर तो रोग ठरतो; वेगवेगळा लिहिला तर ती नुसती तपासणी.

बटणबाईला झोप. बोलबाईला गुडघा. बेलवाल्याला भूक.

तिला आधी हसू फुटलं. कंपन्या बिचाऱ्या खऱ्या होत्या. जे दाखवलं ते त्यांनी लिहिलं. आणि ही तिघांना एकदम बोलावणारी शहाणी! आणि मग हसू मधेच थांबलं. कारण आप्पा बादली उगाच रिकामी करत नसत. कारखान्यात तेव्हा भट्टीच्या मागच्या भिंतीला भेग होती. मोठा दोष असेल, तरच लहान दोष दाखवायचे.

मग मोठा दोष कुठे आहे?

पुढचा तासभर तिने घराची झडती घेतली, आणि झडतीच ती, तिला दुसरं नाव नाही. गॅसचा कॉक बघितला. डबीतल्या गोळ्या मोजल्या. विजेचं बिल भरलेलं. फ्रिजमध्ये सगळं ताजं, किराणा दुकानातून वर पोचवलेला, भाजी वर पोचवलेली, दूध दारात. न्हाणीघरात नवी कोरी पायपुसणी. पलंगाखाली वाकून पाहिलं. आप्पा खुर्चीत बसून एका जुन्या पेपराआडून बघत होते.

"काय हरवलंय?"

"काही नाही."

"सापडलं तर मलाही सांग. या घरात बरंच काही हरवलंय."

ती दमून खाली बसली. काही म्हणता काही नव्हतं. मनात आलं, आपणच संशयी. म्हातारा माणूस गंमत करतोय, एवढंच असेल. रोज बागेच्या टोकापर्यंत चालणारा माणूस. त्याला काय धाड भरणार?

"चला आप्पा, जरा फिरून येऊ. तुमच्या बागेत जाऊ."

"आत्ता? ऊन आहे."

"ढग आलेत."

"मग पाऊस येईल."

"छत्री घेऊ."

"बुटाचा तळ निघालाय."

तिने बूट उचलून पाहिले. तळ शाबूत होते. आप्पांनी तिच्या हातातून बूट घेतले आणि जरा वेळ नुसते धरून बसले. मग म्हणाले, "तू असशील ना बरोबर?"

"मी नाही तर कोण? बागेतले तुमचे ते दोस्त?"

आप्पांनी बूट घातले.

चालताना त्यांच्यात काही खोट नव्हती. ताठ, हात पाठीमागे, पावलं मोजूनमापून. रस्त्यात मात्र ते तिला पुढे होऊ देत होते. "तू हो पुढे, तुझी चाल जलद." बागेत ओळखीचं कोणीच भेटलं नाही. माळी पाणी घालत होता, त्याने आप्पांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. तिला ते खटकलं, पण माळी बदलला असेल म्हणून तिने सोडून दिलं. एकेक गोष्ट खटकत होती आणि एकेकीला ती कारण देत होती. इतकी कारणं तिने ऑफिसच्या तक्त्यात कधी लिहिली नव्हती.

परतताना कोपऱ्यावर औषधाचं दुकान लागलं. तिला डोकेदुखीची गोळी हवी होती. "आप्पा, तुम्ही व्हा पुढे, दार उघडा, मी आलेच." घर तिथून दिसत होतं. चार इमारती ओळीने उभ्या.

आप्पा क्षणभर थांबले, मग निघाले.

गोळी घेऊन ती वळली तेव्हा आप्पा दुसऱ्या इमारतीचं फाटक ओलांडून पुढे गेले होते. तिसरीपाशी थोडे रेंगाळले. वर बघितलं, गॅलऱ्यांकडे, मग मागे, मग पुढे. चौथ्या इमारतीच्या पायऱ्या चढून त्यांनी खालच्या दाराला किल्ली लावली. फिरेना. पुन्हा लावली. मग त्यांनी किल्ली बाहेर काढून डोळ्यांजवळ धरली आणि त्या किल्लीकडेच रागाने पाहिलं. दाराकडे पाहिलं नाही.

पळत जायला हवं होतं. ती गेली नाही. गोळ्यांची पट्टी हातात धरून ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, आणि पुढे काय होतंय ते बघत राहिली. बघण्याची सवय अशी वाईट.

आप्पा पायऱ्या उतरले. किल्ली खिशात टाकली, हात पाठीमागे बांधले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, अगदी मजेत, जसं काही ऊन खातायत. ढग होते तरी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, घरमालक आहेत, इमारत बघतायत.

ती जवळ गेली. "आप्पा, चला."

"तुझीच वाट बघत होतो," आप्पा म्हणाले. "तुला एकटीला घर सापडलं नसतं."

जिना चढताना तिने त्यांच्याकडून किल्ली घेतली. दुसऱ्या मजल्यावर तिने दार उघडलं. आप्पा खुर्चीत बसले, बूट न काढता. तेवढ्यावरूनच तिला कळलं की ते दमले आहेत, कारण घरात बूट घालून फिरण्यावरून त्यांनी तिला लहानपणी किती धपाटे घातले असतील त्याची गणती नाही.

"कधीपासून?"

"थंडी होती तेव्हापासून. एकदा पेपर आणायला उतरलो. आलो तर ही चारही घरं माझी नाहीत." ते थांबले. "एक बाई सोडायला आली दारापर्यंत. बरी होती बिचारी. पण म्हटलं, हे पुन्हा नको. मग खाली जायचंच बंद केलं. वर काही अडत नाही माझं. वर मला सगळं ठाऊक आहे."

"आणि संध्याकाळी मला सांगता ते? बाग, बाक, कोणाची सून?"

"गॅलरीतून दिसते ना बाग. सुनेचं थोडं पदरचं."

तिला हसावं की रडावं कळेना. रोज संध्याकाळी ती ते ऐकून निर्धास्त झोपत होती. रोजची चाल तिने वडिलांच्या खात्यात जमेला धरली होती आणि ती सगळी पदरची निघाली.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

काय केलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं. बॅगा भरल्या असत्या.

"सापडला ना दोष?" आप्पा म्हणाले. "आता तू इन्स्पेक्टर. शेरा मार. बंद करायचा का कारखाना?"

"असं काय बोलता!"

"मग कसं बोलू? तुझ्या घरी मला न्हाणीघराच्या दिव्याचं बटण चार दिवस सापडलं नव्हतं. तेव्हा तर ही भेग नव्हती. आता तिथे नेलंस तर वरचं खालचं सगळंच अनोळखी होईल मला. इथे निदान खोल्या माझ्या आहेत." त्यांचा आवाज थोडा हलला, मग त्यांनी तो सरळ केला. "मी तक्रार करत नाहीये. परिस्थिती सांगतोय."

"मला कळतच नाहीये आप्पा," ती म्हणाली, आणि हे तिने खरेदीच्या टेबलावर कधी कोणाला म्हटलं नव्हतं. इथे ठेवावं तर एक दिवस खाली उतरतील आणि कुठल्या कुठे जातील. न्यावं तर दुसऱ्याच दिवशी हरवतील, आणि तेही तिच्याच घरात. "ती भेग तुम्ही लपवली होती ना? भट्टी कोसळली असती तर?"

"भट्टी नाही कोसळली. कारखाना कोसळला, त्याची कारणं वेगळी. ती वरच्या मजल्यावर बसायची."

"पण कोसळली असती तर?"

आप्पांनी बूट काढायला सुरुवात केली. बराच वेळ नाडी सोडवत राहिले. "लपवली ती इन्स्पेक्टरपासून," म्हणाले. "माझ्यापासून नाही. रोज पाळी सुरू होताना मी जाऊन त्या भेगेपुढे उभा राहायचो. हात लावून बघायचो. कालच्यापेक्षा वाढली का, ताप कुठवर आलाय. वाढली असती तर मीच भट्टी विझवली असती. भेग असलेली भिंत चालते गं. तिच्याकडे रोज बघणारं कोणी नसेल तर नाही चालत."

"आणि तुमच्या भेगेकडे कोण बघतंय? बटणबाई?"

तेवढ्यात फोन वाजला.

बोलबाईची वेळ झाली होती. आप्पांनी सवयीने हात पुढे केला. तिने फोन उचलून त्यांच्या हातात दिला, पण सोडला नाही. "तिला गुडघा सांगायचा नाही. खरं काय ते सांगा."

"ती लिहून घेईल."

"घेऊ दे."

"एकदा लिहिलं की पुसत नाहीत ते लोक."

"आप्पा."

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज चिरका आणि सर्दी झालेला होता. खोलीभर ऐकू येत होता. "नमस्कार काका! आज कसं वाटतंय? गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा," आप्पा म्हणाले, आणि थांबले. लेकीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. "गुडघा बरा आहे. गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं, बाळ. मी तुला थाप मारली."

"अय्या! का?"

"मला खाली गेलं की घर सापडत नाही."

पलीकडे कळफलकाचा खडखडाट चालू होता तो थांबला. मग मुलगी म्हणाली, "एक मिनिट हं काका. माझ्या यादीत... झोप, भूक, दुखणं, पडणं... यात हे नाहीये." तिने नाक ओढलं. "थांबा, मी यादी बाजूला ठेवते. घर सापडत नाही म्हणजे काय होतं नक्की?"

हा प्रश्न लेकीने विचारला नव्हता. कधीपासून विचारलं, का लपवलं विचारलं. काय होतं, ते विचारायचं राहून गेलं होतं.

आणि आप्पा सांगू लागले. बाटल्या पट्ट्यावरून येतात ना, तशी घरं येतात, म्हणाले. सगळ्या एकसारख्या. त्यातली एक आपण बाजूला काढून ठेवलेली असते, तिच्यावर खूण केलेली असते, आणि खूणच दिसत नाही. खूण केली होती हे आठवतं. काय केली होती ते आठवत नाही. भीती वाटते का? भीती नाही, लाज वाटते. किल्ली हातात असताना माणूस दारात उभा राहतो, याची लाज. आणि गंमत अशी, की वर आलो की सगळं जागच्या जागी. डोळे मिटून चहा करीन. बायकोची साडी कुठल्या खणात कुठल्या घडीत आहे ते सांगीन.

ते कितीतरी वेळ बोलत होते. मधेमधे मुलगी "बरं", "मग?" म्हणत होती, एकदा शिंकली. कोटेशनबाई खिडकीपाशी उभी राहून पाठीने ऐकत होती. परक्या, नाक गळणाऱ्या पोरीला हा माणूस हे सगळं सांगतोय आणि पोटची पोर समोर उभी आहे. तिला मुलीचा राग आला, आणि त्या मुलीला जाऊन काहीतरी चांगलंचुंगलं द्यावं असंही वाटलं. दोन्ही एकदम. कुठलं खरं, ते तिला ठरवता येईना.

"ताई आहेत का?" शेवटी मुलगी म्हणाली, आणि आप्पांनी फोन पुढे केला.

"ताई, मला आजच्या अहवालात एकच लिहिता येतं. 'बरे' किंवा 'बरे नाहीत'. 'बरे नाहीत' लिहिलं तर आमच्या वरच्या साहेबांचा फोन येतो, ते मुलांच्या घरी नेण्याचा सल्ला देतात. काय लिहू?"

आप्पा तिच्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्यात. मालाची पेटी फोडली जात असताना फोरमन बघतो तसे बघत होते.

"दोन्हीच्या मधलं काही नाही?"

"नाहीये ताई."

"मग आज 'बरे' लिहा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "आणि उद्या पुन्हा विचारा. यादी बाजूला ठेवूनच विचारायचं. रोज."

"म्हणजे आमची सेवा पक्की समजू का?" मुलीने विचारलं. नोकरी होती तिची.

"समजा."

"वेळ हीच ठेवू?"

"दुपारी नको," आप्पा मधेच म्हणाले, मोठ्याने, फोनपर्यंत पोचेल असं. "सकाळी नऊला कर म्हणावं. पेपर आणायला मी नऊला खाली उतरेन. फोन खिशात असेल. परत येताना बोलत येऊ."

कोटेशनबाईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. हे धाडस होतं, की आता तिच्यासाठी ठेवलेला एखादा लहानसा दोष? सोमवारी ती आपल्या ऑफिसात असेल, आणि आप्पा खरंच उतरतील की खुर्चीत बसून रस्त्याचं वर्णन करतील? तिने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. तिथून काही कळलं नाही. आप्पा काढलेले बूट पुसत होते.

"नऊला करा," तिने फोनात सांगितलं.

"आणि काकांनी उचलला नाही तर?"

"तर मला करा."

"तुम्ही जवळच राहता का ताई?"

"नाही," ती म्हणाली. "तरी मला करा."